मेल उघडेना, तेव्हा आधी काय पाहावे?



संगणक वर्गाच्या वतीने या अंकात एक पाठ देत आहोत. विषय दिसायला लहान आहे. टेबलावरच्या संगणकातील मेलच्या प्रोग्राममध्ये लॉगिन होत नसेल, तर काय करावे? परंतु आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील काही घरांची मिळकत आज याच लॉगिनवर अवलंबून आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीला असलेली आपली मुले गावी परतली आणि घरून काम करू लागली. पुढे कार्यालये उघडली, तरी काहींचे काम घरूनच चालू राहिले. ज्या मुलींना शहरात एकटीने राहायला पाठवण्यास घरची मंडळी तयार नसतात, त्यांनाही यामुळे एक वाट मिळाली. त्यांच्यासाठी मेलचा प्रोग्राम म्हणजे कंपनीचे फाटक. फाटक उघडले नाही, तर हजेरी लागत नाही.

म्हणून हा पाठ विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावा आणि पालकांनी एकदा तरी शांतपणे वाचावा, अशी विनंती आहे.

एका सोमवारची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातील गोष्ट. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सौंसर तालुक्यातील आपल्या गावी राहून पुण्यातील एका कंपनीचे हिशेबाचे काम करते. रोज सकाळी मेलवर बिलांची यादी येते. ती नोंदवून दुपारपर्यंत परत पाठवायची असते. घरी जुना डेस्कटॉप संगणक आहे. वडिलांचा संत्र्याचा बगीचा आहे. धाकट्या भावाची फी तिच्या पगारातून भरली जाते.

रविवारी रात्री विजांचा कडकडाट सुरू झाला, म्हणून वडिलांनी घराचा मेन स्विच बंद केला. सकाळी तिने संगणक सुरू केला. मेलच्या प्रोग्रामने इंग्रजीत एक लहानशी सूचना दाखवली. तिने ती न वाचताच 'नाही' वर टिचकी मारली. लगेच पासवर्ड विचारणारी चौकट आली. तिने पासवर्ड टाकला, चौकट पुन्हा आली. पुन्हा टाकला, पुन्हा आली. असे चार वेळा झाले.

आपणच पासवर्ड विसरलो, असे तिला वाटले. तिने मोबाइलवरून पासवर्ड बदलून घेतला. मोबाइलवर मेल उघडला, पण संगणकावर नाहीच. मग ती इंग्रजी सूचना पुन्हा आली, तेव्हा वैतागून 'हो' वर टिचकी मारली. थोड्या वेळाने मोबाइलवरचा मेलही बंद पडला. खाते काही काळासाठी कुलूपबंद झाल्याचा निरोप दिसू लागला. दहा वाजले. कंपनीतून फोन आला, "काम का आलं नाही?"

घाबरून तिने इंटरनेटवर मदतीचा एक नंबर शोधला आणि लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. त्याने संगणकाचा पडदा त्याला दिसेल असा एक प्रोग्राम टाकायला सांगितले आणि म्हणाला, मोबाइलवर सहा आकडी कोड येईल, तो मला सांगा. ती सांगणारच होती. वडील जवळ उभे होते. ते म्हणाले, "थांब बाई. कोड कोणालाच सांगू नका, असं बँकेत भिंतीवर लिहून ठेवलं आहे ना?" तिने फोन ठेवला आणि मग आम्हाला लावला.

"सर, पासवर्ड बरोबर टाकून राहिली मी, तरी मेल उघडून नाही राहिला."

आम्ही विचारले, "बेटा, सगळ्यात आधी जी सूचना आली, तीत काय लिहिलं होतं?" तिला आठवेना. आम्ही म्हटले, "त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये दुसरी एखादी साइट उघडून पाहा." तीही उघडेना. मग विचारले, "खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सर, हे तर २०१२ साल दाखवून राहिलं!"

खरे कारण काय होते?

डेस्कटॉप संगणकाच्या आत, मुख्य पाटीवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते. बाजारात ती सीआर २०३२ या नावाने मिळते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ती ३ व्होल्टची असते. वीज नसताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती संपते. संपली तरी लवकर कळत नाही, कारण भिंतीवरचे बटण चालू असेल तोवर घड्याळाला वीज मिळत राहते. मेन स्विच बंद झाला, की घड्याळ मागच्या कुठल्यातरी तारखेला जाऊन बसते. विजांच्या भीतीने आपण बटणे बंद करतो, ते योग्यच आहे. पण संपलेली बॅटरी अशाच रात्री उघडी पडते.

आता तारखेचा आणि मेलचा संबंध काय? आपला संगणक मेलच्या सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचे ओळखपत्र तपासतो. याला सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. ही मुदत काही महिन्यांची, पुष्कळदा ९० दिवसांचीच असते. ज्या संगणकाला आज २०१२ साल वाटते, त्याच्या दृष्टीने हे ओळखपत्र अजून सुरूच झालेले नाही. म्हणून तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही आणि पासवर्ड पुढे पाठवत नाही.

म्हणजे पाहा, तिने पहिल्या चार वेळा टाकलेला पासवर्ड बरोबर होता. तो सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नव्हता! पुढे तिने पासवर्ड बदलला, पण संगणकात जुनाच साठवलेला होता. नंतर सूचनेला 'हो' म्हटल्यावर प्रोग्राम तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. कोणीतरी चोर कुलूप उघडू पाहत आहे असे समजून सर्व्हरने खाते बंद केले. एक दोष घड्याळाचा होता. दुसरा दोष आपण केलेल्या उपायातून निर्माण झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली.

आम्ही आधी तारीख, वेळ आणि वेळेचा विभाग नीट लावायला सांगितले. मग कंपनीच्या संगणक विभागाला फोन करून खाते उघडून घेतले. प्रोग्राममध्ये साठवलेला जुना पासवर्ड काढून नवा टाकला. साडेबाराला मेल उघडला. त्या दिवसाचा अर्धा पगार कापला गेला आणि समजही मिळाली. घरात दोन दिवस "घरी बसून कुठे नोकरी होते का?" असे बोलणे चालले. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या बाजारातून बॅटरी आणून बसवली. एवढ्याशा बॅटरीसाठी एका मुलीच्या कामावरचा घरचा विश्वास डगमगला होता, ही गोष्ट आम्हाला फार लागली. त्यातूनच हा पाठ लिहिण्याचे ठरले.

पत्ता वेगळा, किल्ली वेगळी

विद्यार्थ्यांनो, आपण पत्रावर पिन कोड लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो भारतात सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. पांढुर्ण्याचा पिन ४८०३३४, सौंसरचा ४८०१०६ आणि नागपूरचा ४४०००१. तिन्हींच्या सुरुवातीला ४ आहे, कारण मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र टपालाच्या एकाच विभागात येतात. सन १९५६ मध्ये राज्याची सीमा आपल्यामधून गेली, पण टपालाच्या पहिल्या आकड्यात आपण अजून शेजारीच आहोत. असो.

मेलच्या पत्त्यालाही असेच दोन भाग असतात. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये 'अ‍ॅट' चे चिन्ह मध्ये घालण्याची पद्धत पाडली. चिन्हाच्या आधी पेटीचे नाव आणि चिन्हानंतर ती पेटी ज्या घरात आहे त्या घराचे नाव. पत्ता सर्वांना सांगण्यासाठी असतो. किल्ली म्हणजे पासवर्ड, तो कोणालाही सांगायचा नसतो.

आपण लॉगिन करतो, तेव्हा तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, वाट: इंटरनेट चालू हवे आणि सर्व्हरचा रस्ता मोकळा हवा.

दुसरी, ओळख: सर्व्हरने आपल्याला ओळखले पाहिजे आणि आपल्या संगणकाने सर्व्हरला ओळखले पाहिजे.

तिसरी, प्रोग्राम: आऊटलुक, थंडरबर्ड किंवा जो कोणता असेल, त्यात सर्व्हरचे नाव आणि इतर माहिती अचूक भरलेली हवी.

लॉगिन अडले, की या तिघांपैकी कोण अडले आहे ते आधी ओळखायचे. हाच या पाठाचा गाभा आहे. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसेच हे.

तपासणीचा क्रम

पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. वरची पायरी झाल्याशिवाय खालचीला हात लावू नये.

१. हात थांबवा, सूचना वाचा. तोच पासवर्ड दोनदा नाकारला गेला, तर तिसऱ्यांदा टाकू नका. पडद्यावरची सूचना जशीच्या तशी कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलने तिचा फोटो काढा. मदत करणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

२. तारीख आणि वेळ पाहा. दिवस, महिना, साल आणि वेळ, सर्व पाहावे. त्यासोबत वेळेचा विभागही पाहावा. विंडोजच्या यादीत आपल्या विभागापुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही नावे असतात आणि अंतर ५ तास ३० मिनिटे पुढे असे दिसते. दुसऱ्या देशाचा विभाग निवडलेला असेल, तर घड्याळ बरोबर दिसूनही आतला हिशेब चुकतो.

३. वाट तपासा. त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या साइट उघडा. एकही उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा किंवा घड्याळाचा आहे, मेलचा नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. तरीही नाही झाले, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहा. हॉटस्पॉटवर मेल उघडला, तर दोष घरच्या लाइनचा. कंपनीने व्हीपीएन दिलेले असेल, तर ते चालू आहे का तेही पाहावे. काही कंपन्यांचा मेल त्याशिवाय उघडतच नाही.

४. ब्राउझरमधून मेल उघडा. ही सर्वांत उपयोगाची पायरी आहे. मेलचा प्रोग्राम बाजूला ठेवून, त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये कंपनीच्या मेलचे पान उघडा आणि तेथे लॉगिन करा. उघडला, तर तुमचा पत्ता, पासवर्ड आणि खाते ठीक आहे, दोष प्रोग्राममध्ये आहे. तेथेही उघडला नाही, तर दोष पासवर्डचा किंवा खात्याचा आहे आणि प्रोग्रामच्या मागे लागण्यात अर्थ नाही. शिवाय ब्राउझरमध्ये उघडला, की दिवसाचे काम सुरू करता येते. दुरुस्ती सावकाश करावी.

५. टंकलेखन तपासा. कॅप्स लॉक सुरू आहे का? आकड्यांचा नम लॉक बंद आहे का? आपल्याकडे एक अडचण विशेष आढळते. मराठी किंवा हिंदी टंकलेखनासाठी कीबोर्ड बदललेला असतो आणि इंग्रजीवर परत आणायचा राहून जातो. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळत नाही. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये लिहून नजरेने तपासावा, मग ते पान साठवून न ठेवता बंद करावे.

६. साठवलेला पासवर्ड काढा. मोबाइलवरून किंवा ब्राउझरमधून पासवर्ड बदलला, तर तो मेलच्या प्रोग्राममध्ये आपोआप बदलत नाही. पुष्कळ प्रोग्राममध्ये तो दोन ठिकाणी असतो, मेल घेण्यासाठी एक आणि पाठवण्यासाठी एक. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा दुसऱ्या ठिकाणी जुनाच पासवर्ड राहिलेला असतो.

७. प्रोग्राममधील माहिती जुळवा. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी बहुधा पूर्ण मेल पत्ता लागतो, नुसते पहिले नाव चालत नाही. मेल घेण्यासाठी आयमॅप पद्धत असेल तर पोर्ट ९९३ आणि पॉप पद्धत असेल तर ९९५. पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. नेहमीच्या व्यवस्थेत हेच आकडे असतात, तरी आपल्या कंपनीने दिलेले आकडे प्रमाण मानावे. घरून काम करणाऱ्यांनी शक्यतो आयमॅप वापरावे. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो, म्हणून संगणक बिघडला तरी मोबाइलवर किंवा दुसऱ्याच्या संगणकावर तो दिसतो. पॉप पद्धतीत तो आपल्या संगणकात उतरवला जातो आणि पुष्कळदा सर्व्हरवरून काढूनही टाकला जातो.

८. नियम बदलले आहेत का ते विचारा. कधी कधी आपली काहीच चूक नसते. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड घेणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि वैयक्तिक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून तसेच केले. आता प्रोग्राम ब्राउझरसारखे पान उघडून लॉगिन करून घेतो. ज्या जुन्या प्रोग्रामला हे जमत नाही, त्याच्यासाठी जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' काढता येतो. काल चालत होते, आज नाही आणि पासवर्ड तर तोच आहे, असे झाले तर ही शंका घ्यावी.

९. संगणकाचे वय पाहा. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकातील मेलचे जुने प्रोग्राम सुरक्षित संभाषणाची जी जुनी भाषा बोलतात, ती आजचे बहुतेक सर्व्हर ऐकत नाहीत. अशा वेळी पासवर्ड कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही, प्रोग्राम नवा करावा लागतो.

सूचना काय सांगतात?

आपली मुले इंग्रजी सूचना पाहिली की ती बंद करण्याची घाई करतात. खरे तर दुखणे त्या सूचनेतच लिहिलेले असते. नेहमी दिसणाऱ्या पाच सूचना आणि त्यांचे अर्थ पुढे देत आहोत.

'इन्व्हॅलिड क्रेडेन्शियल्स' किंवा 'ऑथेंटिकेशन फेल्ड': सर्व्हरपर्यंत पोहोचलो, पण त्याने ओळखले नाही. पाचवी ते आठवी पायरी पाहा.

'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड ऑर नॉट येट व्हॅलिड': ओळखपत्राची मुदत जुळत नाही. आधी घड्याळ पाहा. घड्याळ बरोबर असूनही सूचना येत असेल, तर 'हो' म्हणून पुढे जाऊ नका, कंपनीला कळवा. मध्येच कोणी तोतया सर्व्हर बनून बसलेला असू शकतो.

'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'सर्व्हर नॉट फाउंड': वाट बंद आहे किंवा सर्व्हरचे नाव चुकले आहे. पासवर्ड बदलून काही होणार नाही.

'टू मेनी अटेम्प्ट्स' किंवा 'अकाउंट लॉक्ड': फार वेळा चूक झाली. मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद करा, नाहीतर तो मागे जुना पासवर्ड पाठवतच राहील. मग थांबा किंवा कंपनीला सांगून खाते उघडून घ्या.

'कोटा एक्सीडेड' किंवा 'मेलबॉक्स फुल': हा लॉगिनचा दोष नाही. पेटी भरली आहे. जीमेलची विनामूल्य जागा १५ जीबी असते आणि त्यात फोटो व ड्राइव्हमधील फाइलीही मोजल्या जातात.

मदत कोणाची घ्यावी?

अडचणीत सापडलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो. फसवणारे याच घटकेची वाट पाहतात. इंटरनेटवर शोधून सापडलेला मदतीचा नंबर खरा असेलच असे नाही. कंपनीच्या संगणक विभागाचा नंबर नोकरी लागल्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा आणि तोच लावावा.

खरा मदतनीस पासवर्ड विचारत नाही. ओटीपी तर कधीच विचारत नाही. पडदा दाखवण्याची वेळ आलीच, तर तो कंपनीच्याच माणसाला, कंपनीने दिलेल्याच प्रोग्रामने आणि बँकेचे पान बंद करून दाखवावा. चुकून कोड सांगितला गेला किंवा पैसे गेले, तर लाजू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर होईल, तितके पैसे परत मिळणे अवघड होते.

आमच्या गोष्टीत मुलीला संगणक वडिलांपेक्षा जास्त येत होता. पण त्या घटकेला वडिलांचे शहाणपण उपयोगी पडले. म्हणून पालकहो, 'आम्हाला यातलं काही कळत नाही' असे म्हणून बाजूला होऊ नका. घाबरलेल्या मुलाजवळ उभे राहून "थांब, आधी वाच" एवढे म्हटले, तरी अर्धे काम होते.

घरी काय तयारी ठेवावी?

वहीचे एक पान यासाठी राखून ठेवा. त्यावर मेलचा पूर्ण पत्ता, घेण्याच्या व पाठवण्याच्या सर्व्हरची नावे, पोर्टचे आकडे, कंपनीच्या संगणक विभागाचा आणि वरिष्ठांचा फोन नंबर लिहा. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नका. ब्राउझरमधून मेल कसा उघडतो, ते अडचण नसताना एकदा करून पाहा. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहा.

डेस्कटॉप संगणक जुना असेल आणि तारीख एकदा जरी मागे गेली असेल, तर नाणे बॅटरी बदलून घ्या. बदलताना वायर भिंतीतून काढावी, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी आणि जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जिवावर बेतू शकते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. मेल उघडत नाही असे दिसताच दहा मिनिटांच्या आत वरिष्ठांना फोन करावा. "मेल उघडत नाही, तपासत आहे, अमुक वाजेपर्यंत कळवते" एवढे पुरे. त्या सोमवारी आपल्या मुलीने हे सकाळीच केले असते, तर कदाचित समज मिळाली नसती. दूर बसलेल्या माणसाला आपली धडपड दिसत नाही, त्याला फक्त न आलेले काम दिसते.

विश्वस्त मंडळाला विनंती

संगणक कक्षातील सर्व यंत्रांच्या नाणे बॅटऱ्या या वर्षी तपासून घ्याव्यात. दुसरे असे, की घरून काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा संगणक किंवा इंटरनेट अचानक बंद पडल्यास, शाळेच्या वेळेत आणि शिक्षक उपस्थित असताना, कक्षातील एक संगणक त्यांना काही तास वापरू द्यावा. काम झाल्यावर त्यांनी लॉगआउट करून नोंदवहीत सही करावी. यात खर्च फारसा नाही. एखाद्या घरची नोकरी मात्र वाचू शकते आणि वर्गातील मुलांना आपली ताई किंवा दादा काय काम करतो, तेही डोळ्यांनी दिसेल.

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या एका डेस्कटॉप संगणकाची तारीख, वेळ आणि वेळेचा विभाग पाहून वहीत लिहा. तारीख चुकली असेल, तर घरच्यांना कारण समजावून सांगा.

२. एका माणसाला ब्राउझरमध्ये मेल उघडता येतो, मेलच्या प्रोग्राममध्ये येत नाही. दोष वाट, ओळख की प्रोग्राम, यांपैकी कशात असावा? कारण द्या.

३. एका काकांना मेल येतात, पण पाठवता येत नाहीत. त्यांनी कालच मोबाइलवरून पासवर्ड बदलला होता. त्यांना तुम्ही काय सुचवाल?

४. सीआर २०३२ या नावातील आकड्यांचा अर्थ सांगा. यावरून सीआर २०२५ ही बॅटरी किती जाड असेल?

५. पडद्यावर आलेली कोणतीही एक इंग्रजी सूचना उतरवून घ्या आणि तिचा अर्थ घरच्या मंडळींना मराठीत सांगा.

उत्तरे पुढील शनिवारपर्यंत संगणक वर्गात आणून द्यावीत. पालकांना काही अडचण असल्यास शाळा सुटल्यावर जरूर भेटावे. आम्ही वाट पाहू.

आपली ती माजी विद्यार्थिनी आजही त्याच कंपनीत, त्याच घरून काम करते. तिच्या टेबलाच्या खणात एक नवी नाणे बॅटरी ठेवलेली आहे आणि संगणकावर, पडद्याच्या कडेला, वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेली चिठ्ठी आहे: "आधी तारीख पाहा."